‘इंग्रजांचे काम’ या कौतुकाची झडती

कल्याणचा पत्री पूल 1914 सालचा. तो धोकादायक ठरवून नोव्हेंबर 2018मध्ये उतरवण्यात आला, आणि त्याच्या जागचा नवा पूल वाहतुकीला खुला व्हायला जानेवारी 2021 उजाडला. मधल्या सव्वादोन वर्षांत कल्याण-शिळ रस्त्याच्या कोंडीत सापडलेल्या माणसांच्या तोंडी एकच वाक्य होते: इंग्रजांनी बांधलेला पूल शंभर वर्षे टिकला, आणि आपल्याला तेवढ्याच जागेत नवा बांधता येईना. ठाण्यात कळव्याचा जुना पूल वाहतुकीला बंद झाला तेव्हा हेच ऐकू आले. पारसिकच्या बोगद्याकडे बोट दाखवून ते आजही ऐकू येते. सोसायटीच्या बैठकीपासून सभेतल्या भाषणापर्यंत सगळीकडे हे वाक्य सिद्धान्तासारखे वापरले जाते आणि त्याला कोणी पुरावा मागत नाही.

खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. तो असा: इंग्रजी अमलातली बांधकामे भक्कम होती, हे डोळ्यांना दिसते. ती भक्कम होती, कारण बांधून घेणारे शिस्तीचे होते, अभियंते प्रामाणिक होते आणि कंत्राटदाराला धाक होता. स्वराज्य आल्यावर धाक गेला, टक्केवारी आली, म्हणून आजचा पूल दहा वर्षांत खचतो आणि रस्ता एका पावसात उखडतो. यातला शेवटचा भाग, म्हणजे आजच्या कामांबद्दलचा संताप, खरा आहे आणि रास्त आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहणाऱ्या कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. माझा आक्षेप त्या संतापाला जोडलेल्या कारणमीमांसेवर आहे. ती इतिहासाला धरून नाही. शिवाय तिने फार मोठे नुकसान केले आहे, कारण निकृष्ट कामाचा दोष तिने ठरावीक माणसांवरून आणि ठरावीक कागदांवरून उचलून एका अख्ख्या समाजाच्या स्वभावावर टाकला. दोष सगळ्यांच्या स्वभावातच आहे म्हटल्यावर जाब कोणाला विचारणार?

सुरुवात डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्यापासून करू. आपल्याला दिसतात ती उरलेली बांधकामे. पडलेली, वाहून गेलेली, पाडून पुन्हा बांधलेली बांधकामे दिसत नाहीत, म्हणून ती हिशेबात येत नाहीत. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि पुढच्याच वर्षी रेल्वे कल्याणला पोचली, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ही रेल्वे बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) कंपनीनेच पुढे बोरघाटात लोहमार्ग नेला, आणि तो एप्रिल 1863मध्ये खुला झाला. त्या घाटातला, कंपनीच्या दप्तरात म्हाऊ-की-मली या नावाने नोंदलेला दगडी कमानींचा उंच पूल जुलै 1867मध्ये कोसळला. म्हणजे खुला झाल्यापासून अवघे चार पावसाळे. त्यानंतर कंपनीच्या इतर पुलांचे दगडकाम तपासायला घेतले, तेव्हा ठिकठिकाणी ते निकृष्ट निघाले. बाहेरून घडीव दगडाची देखणी दर्शनी भिंत आणि आत निकस चुन्यात कशीबशी बसवलेली भर, असा प्रकार त्या काळीही होत असे. अभियंते इंग्रज होते, कंत्राटदार इंग्रज होते, तरी होत असे.

त्याच घाटाच्या कंत्राटाची कथा पाहावी. मुंबई-ठाणे मार्गाचे काम फॅव्हिएल आणि फाउलर या जोडीने केले होते. त्यातल्या फॅव्हिएलने 1855मध्ये बोरघाटाचे कंत्राट घेतले. जानेवारी 1859मध्ये मजुरी थकल्यामुळे मजूर खवळले, दंगल झाली, आणि थोड्याच दिवसांत फॅव्हिएलने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांत वारला. त्याच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट स्वतःकडे ठेवले आणि अॅडमसन व क्लाउझर या अभियंत्यांकरवी काम तडीस नेले. (एवढ्या मोठ्या कामाचे कंत्राट त्या काळी एका बाईच्या नावावर होते, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत का नसावी?) एका टप्प्यावर घाटात 40 हजारांहून अधिक माणसे राबत होती, आणि पटकीच्या साथीने त्यांच्यातली किती दगावली याचा नेमका आकडा कंपनीनेही ठेवला नाही. थकलेली मजुरी, अर्ध्यावर टाकलेले काम, पोटकंत्राटदारांनी केलेली लूट: आज आपण ज्या तक्रारी करतो त्यातली कोणती इथे नाही?

जवळचे उदाहरण हवे तर महाडचे घ्यावे. सावित्री नदीवरचा दगडी पूल 1928चा होता. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री पुरात तो वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या, आतल्या माणसांसकट. तोही इंग्रजांचाच पूल. 88 वर्षे उभा राहिला, हे खरे. पण तो पडला तेव्हा लोकांनी काय केले? त्याच्या पडण्याचा दोष आपल्याकडे घेतला, आणि त्याच्या उभे राहण्याचे श्रेय मात्र इंग्रजांकडे राहू दिले. पाहणी नीट झाली नाही हा दोष आपल्या खात्याचा होताच, त्यात दुमत नाही. पण मग हेही मान्य केले पाहिजे की 1947नंतरची जवळजवळ 70 वर्षे तो पूल उभा होता तो आपल्याच खात्याच्या देखभालीत. हिशेब करायचा तर जमा आणि खर्च दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. आणि एक नोंद राहून जाऊ नये: त्याच जागी नवा पूल 165 दिवसांत बांधून जून 2017मध्ये वाहतुकीला खुला झाला. तो बांधणारे खाते आणि कंत्राटदार इथलेच.

सावित्रीच्या दुर्घटनेनंतर एका जुन्या आख्यायिकेला नवे बळ मिळाले. इंग्लंडमधल्या बांधकाम कंपनीचे पत्र येते, ‘तुमच्या पुलाची मुदत संपली, आता आमची जबाबदारी नाही’ असे कळवते, आणि आपले खाते ते पत्र फायलीत ठेवून देते, अशी ही कथा. महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या पुलांबद्दल ती सांगितली जाते. पत्राची तारीख, जावक क्रमांक, सही करणाऱ्याचा हुद्दा मात्र कोणी सांगत नाही. पत्र पाठवणार तरी कोण? रस्त्यांवरचे पूल बांधून घेतले सार्वजनिक बांधकाम खात्याने, आणि त्या खात्याचे सगळे दप्तर इथेच राहिले. जीआयपी रेल्वे सरकारने 1900 सालीच विकत घेतली होती आणि तिचा कारभारही 1 जुलै 1925 रोजी कंपनीकडून आपल्या हातात घेतला. आणि पुलाच्या कंत्राटात ‘शंभर वर्षे’ अशी मुदत नसते. कंत्राटदाराची जबाबदारी काही महिन्यांची किंवा फार तर काही वर्षांची असते, तेव्हाही होती. आख्यायिका निरुपद्रवी वाटते, पण तिचा अर्थ असा निघतो की आपल्या पुलांची काळजी सातासमुद्रापलीकडची माणसे करतात आणि आपण करत नाही. ज्या ट्रॅकमनने, ज्या मैलकुलीने उन्हापावसात त्या पुलांच्या दरजा भरल्या, कमानीत रुजलेली पिंपळाची रोपे उपटली, त्याच्यावर हा अन्याय आहे.

पण पूर्वपक्षाचा खरा पराभव होतो तो विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुंबईत, जिथे इंग्रजी अंमल ऐन भरात होता आणि शहर झपाट्याने वाढत होते. 1896च्या प्लेगने हादरलेल्या सरकारने 1898मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड याने 1920मध्ये विकास विभाग उभारला, ज्याला आपण बीडीडी म्हणून ओळखतो. कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात बसवली, कर्जरोखे काढले, आणि कामगारांसाठी 50 हजार खोल्या बांधायचे जाहीर केले. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या, खोल्या भरल्या साधारण 16 हजार. कामगारांना विचारून त्या बांधल्या नव्हत्या. हवेची, उजेडाची, भाड्याची गणिते चुकली होती, आणि घरांची एवढी टंचाई असताना कितीतरी खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडून राहिल्या. या चाळींना नंतर जो जिवंतपणा आला तो तिथे राहणाऱ्या माणसांनी आणला, लॉइडच्या विभागाने नव्हे. आपल्या भागातल्या अंबरनाथची औद्योगिक वसाहतही याच विभागाने आखली, म्हणजे कल्याणच्या पलीकडल्या पट्ट्याच्या भवितव्याला जी पहिली सरकारी दिशा मिळाली तिच्यामागेही हेच दप्तर होते.

आणि याच विभागाची बॅकबे. समुद्र हटवून 1,145 एकर जमीन काढायची योजना होती. खर्चाचा पहिला अंदाज काही वर्षांत जवळजवळ दुप्पट झाला. इंग्लंडहून मागवलेल्या, गव्हर्नरचेच नाव दिलेल्या गाळउपशाच्या जहाजाने ठरलेल्या प्रमाणात गाळ काढला नाही, कारण तळाची माती अंदाजापेक्षा कठीण निघाली. समुद्रातली भिंत अशी बांधली गेली की भरलेला गाळ तिच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. सल्लागार नामांकित होता, सर जॉर्ज ब्युकॅनन. देखरेख करणारे सगळे गोरे अधिकारी होते. आणि चूक कोणी दाखवली? खुर्शेद फ्रामजी नरिमन या मुंबईच्या वकिलाने. आकडे मागून, कागद मिळवून, कायदेमंडळात आणि वृत्तपत्रांत त्यांनी हा व्यवहार उघडा पाडला. विभागातल्या हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, आणि 1928मध्ये नरिमन निर्दोष सुटले. सरकारला 1926मध्ये चौकशी समिती नेमावी लागली होती. योजना आटोपती घेतली गेली आणि ठरलेल्या जमिनीपैकी निम्मीही निघाली नाही. या साऱ्या प्रकरणाला लोकांनी ‘लॉइडचा मूर्खपणा’ असे नाव दिले.

ज्याला इंग्रजी राजवटीतला धाक पाहायचा आहे त्याने बॅकबेचे प्रकरण जरूर वाचावे. धाक होता तो रयतेला. खर्चाचा जाब विचारायचा अधिकार तिला नव्हता, म्हणून चुकीचा अंदाज वर्षानुवर्षे पुढे रेटता आला. आणि जिथे जाब विचारला गेला तिथे तो एका भारतीयाने, स्वतःवर खटला ओढवून घेऊन विचारला. आपल्या पूर्वजांची खरी कमाई ही आहे, आणि ‘इंग्रजांचे काम’ या कौतुकात ती पुसली जाते.

रेल्वेतही वेगळे नव्हते. कंपन्यांच्या भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिली होती. काम महाग झाले तरी भागधारकाचे व्याज चुकत नव्हते, आणि तूट भरून काढत होता इथला करदाता. विल्यम मॅसी हा हिंदुस्थान सरकारचा माजी अर्थसदस्य. त्याने 1872मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे स्पष्ट कबूल केले की व्याज हमखास मिळणार म्हटल्यावर पैसा विटा-चुन्यात गेला की हुगळीत फेकला गेला, याची गुंतवणूकदाराला फिकीर नव्हती. तेव्हा त्या जाड भिंतींचा आणि रुंद खांबांचा काही भाग शिस्तीतून आला असेल, पण काही भाग परक्याच्या पैशाबद्दलच्या बेफिकिरीतूनही आला. प्रामाणिकपणाबद्दल म्हणाल, तर 1888चे क्रॉफर्ड प्रकरण आठवावे. मुंबईच्या मंडईला ज्याचे नाव मिळाले त्याच आर्थर क्रॉफर्डची, पुण्याच्या मध्य विभागाचा आयुक्त असताना, लाचेच्या आरोपांवरून चौकशी झाली. आयोगाने लाचेच्या आरोपातून त्याला सोडले, तरी हाताखालच्या माणसांकडून उसने पैसे घेतल्याचा ठपका राहिला. त्याच्या कारभारात पैसे द्यावे लागलेल्या मामलेदारांची बाजू टिळकांनी उचलून धरली. दस्तुरी नावाची टक्केवारीही त्या कचेऱ्यांत नवी नव्हती.

आता दुसरा प्रश्न. ‘इंग्रजांनी बांधले’ यातले ‘बांधले’ हे क्रियापद कोणाचे? जीआयपीच्या मुख्य अभियंत्याने, जेम्स बर्कलीने, ज्या कंत्राटदाराची मनापासून वाखाणणी केली तो जमशेटजी दोराबजी नायगमवाला हा पारशी. गेट वे ऑफ इंडियाचा आराखडा जॉर्ज विटेटचा, पण 4 डिसेंबर 1924 रोजी खुली झालेली ती कमान प्रत्यक्ष उभारली रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई या कंत्राटदाराने, मुंबई परिसरातल्याच पिवळसर दगडात. खडकवासल्याला पाणी अडवणारी स्वयंचलित दारे बसवली विश्वेश्वरय्यांनी. ते पुण्यात अभियांत्रिकी शिकले आणि 1884पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते.

ठाणेकरांसाठी याहून जवळचे नाव आहे. ज्याला सगळे गाव ‘सिव्हिल हॉस्पिटल’ म्हणते त्याचे पूर्ण नाव विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालय. हे विठ्ठल सायन्ना कोण, असे विचारले तर बहुतेकांना वाटते कोणी डॉक्टर असतील, किंवा देशभक्त. ते मुंबईतले तेलुगू कंत्राटदार होते. तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांनी मुंबईची इमारत न इमारत डोक्यावर वाहिली. कामाठीपुऱ्याला नाव मिळाले ते त्यांच्यामुळे. त्याच समाजातून पुढे मोठे कंत्राटदार निघाले आणि त्यांतल्या एकाच्या दातृत्वातून ठाण्याला जिल्हा रुग्णालय लाभले. 1930च्या दशकापासून शहापूर, मुरबाडपासून आलेल्या गरिबांनी तिथे उपचार घेतले. आता जुनी इमारत पाडून तिथे मोठे सुपर स्पेशालिटी रुग्णालय उभे राहते आहे. नव्या इमारतीच्या दारावर त्यांचे नाव तर राहावेच, पण ते बांधकाम कंत्राटदार होते हेही तिथे लिहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कंत्राटदार या शब्दाला आज जो वास येतो तो शब्दाचा नाही, हे त्या पाटीवरून पुढच्या पिढीला कळेल. आणि कामाठ्यांबरोबर वडार, बेलदार, पाथरवट, घाटावरून आलेला कुणबी, डोक्यावर पाटी घेणाऱ्या बाया. 1916मध्ये खुला झालेला सव्वा किलोमीटरहून लांब पारसिक बोगदा त्या काळ्या कातळातून कोणाच्या हातांनी खोदला गेला, याचा विचार लोकलच्या खिडकीतून अंधार पाहताना कोणी तरी करावा.

मग जी टिकली ती का टिकली? याचे उत्तर बरेचसे पदार्थविज्ञानात आहे. दगडी कमानीत प्रत्येक चिरा दाबाखाली असतो, ताण जवळजवळ नसतो, आणि दगड दाब शतकानुशतके सोसतो. चुन्याची दरज थोडी लवचीक असते आणि तिच्यात गंजण्यासारखे काही नसते. प्रबलित काँक्रीटमध्ये ताण सोसायला आत सळई असते. तिच्यावरचे आवरण कमी पडले, पाणी किंवा खाडीची खारी हवा आत शिरली की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. लॉइडच्या चाळी काँक्रीटच्या होत्या, त्यांचेही शेवटी हेच झाले. म्हणजे 1863चा दगडी पूल आणि 2003ची काँक्रीटची इमारत यांची तुलना दोन राज्यकर्त्यांची तुलना नाही, दोन पदार्थांची आहे. शिवाय बैलगाड्या आणि तुरळक मोटारी धरून आखलेल्या पत्री पुलावरून अखेरीस न्हावाशेव्याचे कंटेनर भिवंडीकडे जात होते. तो शंभर वर्षे टिकला यात नवल आहेच, पण तो थकला यात नवल नाही. आणि लोखंडी तुळया रेल्वेने वेळोवेळी बदलल्या. आज ज्याला आपण ‘जुना पूल’ म्हणतो त्यातले लोखंड कित्येकदा नंतरचे असते. तानशाचे 1892चे धरण आजही मुंबईला पाणी देते, ते बांधून सोडून दिलेले नाही म्हणून. ते टप्प्याटप्प्याने वाढवले गेले, आणि त्याच्यावर, त्याच्या जलवाहिन्यांवर पहारा ठेवणारी, गळती हुडकणारी माणसे सव्वाशेहून अधिक वर्षे पगारावर आहेत. मुंबई महापालिकेनेच 2014मध्ये शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण पुरे केले, हेही सांगितले पाहिजे.

इतके खंडन झाल्यावर पूर्वपक्षात काही सत्य उरते का? उरते, आणि ते महत्त्वाचे आहे. त्या काळाने आपल्याकडे कंत्राटाची एक यंत्रणा रुजवली. बांधकाम खात्यातले ‘बी-वन’ आणि ‘बी-टू’ हे निविदांचे नमुने आज कोणत्याही लहान कंत्राटदाराला तोंडपाठ असतात. एकात अंदाजपत्रकाच्या दराहून किती टक्के वर वा खाली ते सांगायचे, दुसऱ्यात एकेका बाबीचा दर स्वतः भरायचा. त्यांच्या मागे एक सरळ विचार आहे. कंत्राटदाराला पैसे आश्वासनाचे नाहीत, झालेल्या कामाचे मिळतील, आणि किती झाले हे कोणीतरी जागेवर जाऊन मोजेल. ते मोजमाप ज्यात लिहायचे ते मोजमाप पुस्तक, खात्याच्या बोलीत ‘एमबी’. त्याची पाने क्रमांकित असतात, पान फाडायचे नाही, खोडायचे नाही, चुकले तर रेघ मारून सही करायची. पाया किती खोल गेला हे पाया बुजवण्याआधी लिहायचे, कारण नंतर ते कोणालाच दिसणार नाही. कनिष्ठ अभियंत्याने लिहिलेले वरच्याने काही प्रमाणात स्वतः तपासायचे. प्रत्येक रनिंग बिलातून अनामत कापून ठेवायची आणि दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत ती सोडायची नाही. काम वाईट निघाले तर कंत्राटदाराने स्वखर्चाने उकलून पुन्हा करायचे.

ही यंत्रणा इंग्रजी स्वभावाची देणगी नव्हे. बॅकबेसारख्या ठिकाणी तिला बाजूला सारले तेव्हा इंग्रजांच्याच हातून माती झाली, आणि जिथे ती पाळली गेली तिथे देसाई आणि सायन्नांच्या पिढीने उत्तम कामे केली. फरक पडतो तो मोजण्याने आणि मोजलेले दाखवण्याने. म्हणून आजच्या अपयशाकडे पाहतानाही शोध याच दिशेने घ्यावा. कोणी अंदाजपत्रकाच्या तीस टक्के ‘बिलो’ निविदा भरतो आणि काम मिळवतो, तेव्हा ते तीस टक्के कशातून वाचवले जाणार हा प्रश्न निविदा उघडतानाच विचारायचा असतो. खड्डा पडल्यावर विचारून उपयोग नाही.

शिळफाट्याजवळची इमारत 4 एप्रिल 2013 रोजी कोसळली आणि 74 माणसे गेली. तिला परवानगी नव्हती, म्हणजे तिचा आराखडा कोणी तपासला नाही, सळई कोणी मोजली नाही, काँक्रीटचा ठोकळा कोणी चाचणीला पाठवला नाही. बांधणाऱ्यांबरोबर महापालिकेतल्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारती खोट्या बांधकाम परवानग्यांवर आणि त्यांच्या आधारे मिळवलेल्या रेरा नोंदणीवर उभ्या राहिल्या, आणि उच्च न्यायालयाने 2024मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. आयुष्याची पुंजी घालून तिथे घर घेतलेल्या कुटुंबांपुढे ‘इंग्रजांच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य उच्चारणे मला क्रूर वाटते. त्या कुटुंबांना हवे आहे ते वेगळेच: बनावट शिक्का कोणाच्या टेबलावरून गेला, नोंदणी देताना मूळ परवानगीची खातरजमा का झाली नाही, आणि चार मजले चढेपर्यंत प्रभाग कार्यालयातून कोणीच तिकडे का फिरकले नाही, याचे उत्तर. ही उत्तरे नावानिशी, तारखेनिशी देता येतात. कल्याणला 1855पासून आणि ठाण्याला 1863पासून नगरपालिका आहे. बांधकामापूर्वी पालिकेला कळवण्याची तरतूद 1901च्या जिल्हा नगरपालिका कायद्यातही होती. देशातला पहिला नगररचना कायदा 1915मध्ये झाला तो याच मुंबई इलाख्यात. नियमांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती.

आणि आज आपल्याकडे असे काही आहे जे 1914च्या कल्याणकराकडे नव्हते, नरिमनांकडेही नव्हते. 2005च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 2 पाहावे. त्यात कागदपत्रांच्या प्रतींबरोबर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. ठाण्याच्या एखाद्या काँक्रीटच्या रस्त्याचे मोजमाप पुस्तक, 7 आणि 28 दिवसांच्या ठोकळ्यांचे चाचणी अहवाल, दोषदायित्वाची मुदत कधी संपते ती तारीख, हे सगळे साध्या अर्जावर मागता येते. घर घेणाऱ्याला रेरा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत संरचनेतला दोष विकसकाकडून विनामूल्य दुरुस्त करून घेण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्यासाठी विकसकाला मुदत आहे 30 दिवसांची. कल्याण-डोंबिवली महापालिकेत असो की ठाण्याच्या, असे अर्ज करणारी मोजकी माणसे प्रत्येक प्रभागात आहेत. बहुधा निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, एखादा तरुण अभियंता. त्यांना कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात, कधी धमक्याही येतात, आणि नळावर, रिक्षाच्या रांगेत त्यांना ऐकून घ्यावे लागते की हे सगळे करून काही व्हायचे नाही, पूल बांधावेत ते इंग्रजांनीच.